घाटात गाडी गरम आणि हीटर मात्र थंड: रेडिएटर बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ११ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, राहणं साताऱ्यात. मागच्या उन्हाळ्यात वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात तापमानाचा काटा लालपर्यंत गेला. गॅरेजवाल्यांनी ‘आतला वॉल्व्ह’ काढून टाकला आणि आता गाडी कधीच गरम होणार नाही असं सांगितलं. डिसेंबरात सहकुटुंब महाबळेश्वरला गेल्यावर पहाटे हीटर लावला तर गार वारा. घाटात काटा अजूनही चढतो. शिवाय महिन्याला पाऊण लिटर पाणी घालावं लागतं. आता रेडिएटर बदलायला सांगताहेत. बदलावा का?

इतक्यात बदलू नका. तो ‘वॉल्व्ह’ म्हणजे थर्मोस्टॅट, आणि तुमच्या तीन तक्रारींपैकी हीटरची तक्रार जवळजवळ नक्की त्याच्या नसण्यामुळे आली आहे. घाटात गरम होण्यातही त्याचा हात असू शकतो. पाणी कमी होणं मात्र वेगळं. तो मूळ आजार आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून कोणी शोधलेलाच नाही.

आधी पाणी कसं फिरतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप जुळेल. वॉटर पंप कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव, त्यालाच आपण पाणी म्हणतो) इंजिनच्या ब्लॉकमधून, म्हणजे खालच्या मुख्य भागातून, वरच्या हेडमध्ये ढकलतो. तिथून त्याला तीन वाटा असतात. मोठी वाट रेडिएटरकडे जाते आणि तिच्यावर थर्मोस्टॅटचं दार असतं. दुसरी वाट बायपासची. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरला न जाता तिथूनच परत पंपाकडे येतं. तिसरी वाट डॅशबोर्डमागच्या हीटर कॉइलकडे जाते. ही कॉइल म्हणजे वहीएवढा छोटा रेडिएटरच. बहुतेक गाड्यांत तिच्या वाटेवर थर्मोस्टॅटचं दार नसतं, म्हणून मोठा रेडिएटर अजून गार असला तरी थोड्याच वेळात हीटरमधून ऊब यायला लागते.

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण भरलेली कुपी असते. साधारण ८२ किंवा ८८ अंशांना ते मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. नेमका आकडा बऱ्याचदा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो. दार काढून टाकलं की सुरू केल्या क्षणापासून पाणी रेडिएटरमधूनही फिरतं. महाबळेश्वरच्या थंडीत, जिथं वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठतात, तिथं इंजिन ५०-६० अंशांच्या वर जायला फार वेळ घेतं. मग हीटरला गरम पाणी मिळणार कुठून?

याहून मोठं नुकसान डोळ्यांना न दिसणारं आहे. इंजिनचा कॉम्प्युटर समजतो की गाडी अजून गारच आहे, म्हणून पेट्रोल जास्त सोडतो. अ‍ॅव्हरेज पडतो. ऑइल पुरेसं तापत नाही, त्यातला ओलावा उडून जात नाही आणि कालांतराने ऑइलच्या टोपणाखाली पिवळसर चिकटा दिसायला लागतो. स्कॅनर (कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावला तर बहुधा पी-०१२८ हा कोड मिळेल. इंजिन अपेक्षित तापमानाला पोचत नाही, असा त्याचा अर्थ.

‘थर्मोस्टॅट नसेल तर घाटात तरी गाडी गार राहायला हवी ना?’ हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतं. काही इंजिनांत तसं होतंही. पण पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. वरचं दार उघडत जातं तसतशी ती बायपासचं भोक बंद करत जाते. थर्मोस्टॅट काढला की हे भोक कायमचं उघडं राहतं. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण भार असताना पाण्याचा एक हिस्सा रेडिएटर न बघताच परत इंजिनात जातो. म्हणजे पहाटे गाडी तापत नाही आणि घाटात तापते, ही तुमची विचित्र वाटणारी जोडी एकाच भोकातून येऊ शकते.

गॅरेजवाल्यांना दोष देऊन थांबणं मला पटत नाही. जुन्या गाड्यांत साधं विहिरीचं पाणी घालायचे, त्याने थर्मोस्टॅट गंजून बंद अवस्थेत अडकायचा आणि इंजिन जळायचं. आपल्या हवेत हीटर कोणी लावत नसे. त्यामुळे थर्मोस्टॅट काढून टाकणं हा त्या काळी सरळ उपाय वाटायचा. सुरुवातीची काही वर्षं मीही तो केला आहे. आजच्या कॉम्प्युटर असलेल्या, अ‍ॅल्युमिनियम हेडच्या गाडीला तो चालत नाही.

आता तपासणी. यातली बरीचशी तुम्ही स्वतः घरी करू शकता. एकच अट: गाडी रात्रभर उभी असावी. गरम इंजिनचं रेडिएटरचं टोपण कधीही, कितीही घाई असली तरी, उघडू नका. फडकं टाकूनही नाही. आत दाबाखाली १०० अंशांच्या वर तापलेलं पाणी असतं. दाब सुटताच ते उकळून कारंज्यासारखं तोंडावर येतं. अशाने भाजलेले हात आणि चेहरे मी पाहिले आहेत.

सकाळी टोपण उघडा. पाणी गळ्यापर्यंत आहे का बघा. बाजूची जादा पाण्याची बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र खाली, असं पुष्कळदा दिसतं, आणि लोक बाटली बघूनच निश्चिंत राहतात. पाण्याचा रंग बघा. तांबूस असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग असेल तर पुढे लिहिलेला हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ सीलचा) भाग आधी वाचा.

मग गाडी सुरू करून वरचा मोठा होज, म्हणजे रेडिएटरला जाणारी जाड रबरी नळी, हाताने चाचपा. रेडिएटरच्या पंख्यापासून हात, ओढणी, बाही लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो. थर्मोस्टॅट ठीक असेल तर हा होज काही मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो, इतका की हात ठेववत नाही. तुमच्या गाडीत तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जाईल. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या तोंडाशी असतो, तिथं हीच परीक्षा खालच्या होजवर करायची.

इंजिन तापलं की हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा मधल्या वेगावर ठेवा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून दोन बारीक होज आत जातात, ते हीटर कॉइलचे. दोन्हींना हात लावा. दोन्ही चांगले गरम आणि वारा गार, तर पाणी नीट फिरतंय. दोष गरम-गार हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये आहे. बटण फिरवूनही झडप गार हवेच्या बाजूला अडकलेली असते. एक गरम आणि एक गार, तर कॉइल आतून तुंबली आहे. दोन्ही गार आणि काटा वर चढतोय, तर हेडच्या वरच्या भागात पाणीच नाही, किंवा हवा अडकली आहे, किंवा पंप पाणी ढकलत नाही. दोन्ही नुसते कोमट आणि काटाही खाली, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा तुमच्यासारखा तो नाहीच. काही गाड्यांत या होजवर पाणी बंद करणारा छोटा वॉल्व्ह असतो, तो अडकला तरीही एक बाजू गार लागते, एवढं लक्षात ठेवा.

या दोन होजवर मी इतका भर देतो याला कारण आहे. गाडीतला काटा खरं सांगतोच असं नाही. अनेक कंपन्या तो असा बसवतात की साधारण ७५ ते १०५ अंशांमध्ये काहीही झालं तरी तो मध्येच उभा राहतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, निळा दिवा आणि लाल दिवा एवढंच. आणि पाणी पूर्ण गेलं तर सेन्सर कोरडा पडतो, तो पाण्याचं नाही तर वाफेचं किंवा हवेचं तापमान सांगतो. इंजिन जळत असताना काटा खाली आलेला मी पाहिला आहे. हीटर मात्र खोटं बोलू शकत नाही. त्याच्यापर्यंत गरम पाणी आलं तरच तो गरम हवा देईल. घाटात अचानक त्यातून गार वारा येऊ लागला आणि काटा वर असला, तर हेडमधलं पाणी संपलंय असं समजा आणि त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

आता पाऊण लिटरचा हिशोब. ही बंद व्यवस्था आहे, महिन्याला एवढं पाणी कमी होणं साधी गोष्ट नाही. पाणी तीनच ठिकाणी जाऊ शकतं: बाहेर, केबिनमध्ये किंवा इंजिनच्या आत.

बाहेरच्या गळतीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे रेडिएटरचं टोपण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा, बारमध्ये. समुद्रसपाटीला ०.९ बारच्या टोपणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. अर्धं कूलंट घातलं तर आणखी वर. आता टोपणाचं रबर कडक होऊन दाब धरेनासं झालं असं समजा. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. तिथं उघड्या भांड्यात पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. तुमच्या गाडीचा पंखा पुष्कळदा ९५ अंशांच्या पुढेच लागतो. म्हणजे पंखा मदतीला येईपर्यंत पाणी उकळायला लागलेलं असतं, ते बाटलीतून बाहेर सांडतं आणि घरी आल्यावर तुम्हाला जमिनीवर एक थेंब दिसत नाही. गळती घाटातच होऊन गेलेली असते.

एका शिक्षकांच्या गाडीला मी असाच नवा रेडिएटर बसवला होता. महिन्याभरात ते पुन्हा आले, तीच तक्रार. जुनं टोपणच मी नव्या रेडिएटरवर लावलं होतं. त्यांचे मजुरीचे पैसे परत केले. तेव्हापासून गरम होण्याच्या तक्रारीत टोपण दाबावर तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. टोपणात एक उलटा छोटा वॉल्व्हही असतो, गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढून घेण्यासाठी. तो अडकला की सकाळी वरचा होज चिपाडासारखा चपटलेला दिसतो. असा होज दिसला तर तो नाही, टोपण बदला. आणि बदलताना त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुनी प्लॅस्टिकची टाकी तडकते.

पुढचं काम गॅरेजमध्ये. टोपणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावायचा, गार इंजिनला टोपणावरच्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. दाब उतरला तर गळती आहेच, ती शोधायची. होजची तोंडं, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांधा, आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं आणि वाळल्यावर पांढरा किंवा हिरवट थर धरतो. पुली हाताने हलवून खडखड लागत असेल तर पंपाचं बेअरिंगही गेलंय. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर पंप आणि बेल्ट एकाच वेळी बदला. दोन्हींना मजुरी तीच लागते.

केबिनमधली गळती नाकाला कळते. काचेला आतून तेलकट धुकं येतं, पुसलं की आणखी पसरतं. गोडसर वास येतो. डाव्या सीटपुढचा गालिचा ओला होतो. एसीचं पाणी तुंबूनही तिथंच ओलं होतं, पण ते स्वच्छ, बिनवासाचं. कूलंट बोटांना चिकट लागतं. हीटर कॉइल गळत असेल तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. खर्च भागाचा कमी आणि मजुरीचा जास्त. तुंबलेली कॉइल मात्र बऱ्याचदा सुटते. दोन्ही होज काढून, पाणी ज्या बाजूने बाहेर येतं तिथून बागेच्या नळीने हलक्या दाबाने उलटं पाणी सोडायचं, स्वच्छ येईपर्यंत. कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नका, कॉइल फुटते.

इंजिनच्या आत जाणारं पाणी म्हणजे बहुतेक वेळा हेड गॅस्केट. तुमचा काटा एकदा लालपर्यंत गेला होता, म्हणून ही शक्यता मी सोडणार नाही. अ‍ॅल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं. खुणा अशा: सकाळी सुरू केल्यावर मिनिटाभरात, इंजिन गार असतानाच, होज दगडासारखा कडक होतो. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो आणि इंजिन तापल्यावरही जात नाही. ऑइल दुधाळ होतं. खात्रीसाठी निळ्या द्रावाची परीक्षा आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावातून ओढायची, त्यात जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. दहा मिनिटांचं काम आहे. हे न करता हेड उतरवायला सांगणाऱ्याला ‘आधी ती परीक्षा करा’ असं शांतपणे सांगा.

पंख्याचं थोडक्यात, कारण तुमची गाडी घाटात तापते. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापणारी आणि हायवेला ठीक चालणारी गाडी असेल तर पहिला संशय पंख्यावर. एसी लावला की पंखा फिरतो आणि एरवी फिरत नाही, तर मोटर चांगली आहे, सेन्सर किंवा रिले (पंख्याला वीज देणारा स्विच) बघा. तुमच्या बाबतीत एसी कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली फट मात्र जरूर बघा. ऊसतोडणीच्या आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आपल्याकडे तिथं पाचट, भुसा आणि किडे यांचा अक्षरशः नमदा बसतो. समोरून दिसत नाही. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला हलकं पाणी मारून तो काढा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पात्या दुमडतात.

काय भरायचं? गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपनीगणिक बदलतात, आतलं रसायन रंगावरून कळत नाही. बोअरचं पाणी नको. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं, चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच इंजिनमध्ये बसतो, आणि हीटर कॉइलच्या बारीक नळ्या सर्वांत आधी बंद होतात. तुमच्या गाडीत वर्षभर महिन्याला पाऊण लिटर साधं पाणी पडलंय, म्हणजे कूलंट आता नावालाच उरलं असेल.

भरताना हवा राहिली तर सगळं केलेलं वाया जातं. गाडीचं नाक चढाला ठेवा. हीटर पूर्ण गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा. गार इंजिनमध्ये हळूहळू भरा, टोपण उघडं ठेवूनच गाडी सुरू करा, थर्मोस्टॅट उघडून पाण्याची पातळी एकदम खाली जाईपर्यंत थांबा, पुन्हा भरा, बुडबुडे थांबले की टोपण लावा. हीटरमधून सलग गरम हवा आली तर हवा निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पातळी पुन्हा बघा. काढलेलं जुनं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, गटारात ओतू नका. ते गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री चाटतात आणि मरतात.

हे सगळं होईपर्यंत घाटात जावं लागलंच, तर काटा मधल्या रेषेपुढे सरकताच एसी बंद, हीटर पूर्ण गरम, त्याचा पंखा पूर्ण, काचा खाली. घामाघूम व्हाल, पण हीटर कॉइल दुसऱ्या रेडिएटरचं काम करते आणि तेवढ्याने काटा बऱ्याचदा उतरतो. गिअर एक खाली घ्या, उगाच रेटू नका. लालपर्यंत गेलाच तर थांबा आणि इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. पाऊण-एक तास लागला तरी चालेल.

तुमच्या गाडीसाठी मी कामाचा क्रम असा ठेवीन. पुस्तकात दिलेल्या तापमानाचा नवा थर्मोस्टॅट गॅस्केटसह, आणि नवं टोपण. त्याच वेळी प्रेशर टेस्ट आणि निळ्या द्रावाची परीक्षा. गळती सापडेल ती दुरुस्त. आतून फ्लश, नवं कूलंट, हवा काढणं, बाहेरून रेडिएटरची सफाई. मग पसरणी घाट एकदा चढून बघायचा, स्कॅनरवर कूलंटचं तापमान समोर ठेवून. तरीही ते १०५ च्या वर जात राहिलं, तर इन्फ्रारेड थर्मामीटरने तापलेल्या रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी माप घ्यायला सांगा. पाणी आत येतं त्या बाजूपासून बाहेर जातं त्या बाजूपर्यंत तापमान हळूहळू उतरत गेलं तर रेडिएटर वाहता आहे, आता पंपाच्या पात्या बघायच्या. मध्येच गार पट्टे सापडले तर तेवढ्या नळ्या बंद आहेत, आणि मग रेडिएटर बदलायला माझी काहीच हरकत नाही.